दुसरं माणूस

मळणी सुरू होऊन चार दिवस झाले होते आणि टिटवीची आई अजून अंगणाच्या पलीकडे गेली नव्हती. दहा वर्षांत असे पहिल्यांदाच घडत होते. नवऱ्याचे मळणीयंत्र होते. ट्रॅक्टरमागे जोडून तो ते या खळ्यावरून त्या खळ्यावर न्यायचा, आणि लग्न होऊन आल्यापासून यंत्राच्या तोंडाशी उभी राहायची ती हीच. पेंढी सोडायची, पसरायची, आत सारायची आणि बोटे वेळेवर मागे घ्यायची. या कामात तिचा हात धरणारे कोणी नाही असे मळणीवाला चारचौघांत सांगायचा, तिच्या तोंडावर मात्र कधी बोलला नाही. यंदा तिच्या जागी त्याने रोजाने एक माणूस ठेवला होता. तो पेंढ्या कमी घालायचा आणि सावली जास्त शोधायचा. वीस-बावीस दिवसांच्या या हंगामावर घराचे वर्ष निघायचे, त्यामुळे मळणीवाला रोज घरी यायचा तो कुरकुरतच.

तिला अडकवून ठेवले होते चार वर्षांच्या पोरीच्या गळ्यातल्या एका भोकाने.

पोरीला सगळे टिटवी म्हणायचे. जन्मल्यापासून ती जी ओरडत सुटली होती ती थांबलीच नव्हती. जागेपणी तर सोडाच, झोपेतही कुणाशी तरी भांडायची. मागच्या थंडीत तापाने तिची छाती भरली. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पंधरा दिवस तिच्या तोंडातून नळी घालून तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवले. ताप गेला, पोरगी वाचली, पण त्या नळीने घसा आतून सोलवटला आणि भरून येताना आवळत गेला. मग डॉक्टरांनी गळ्याच्या खालच्या अंगाला भोक पाडून करंगळीएवढी वाकडी नळी बसवली. थोडी मोठी झाली की ऑपरेशन करून घसा मोकळा करू, तोवर वर्ष-दीड वर्ष असेच, असे ते म्हणाले. टिटवी आता त्या नळीतून श्वास घ्यायची. रडायची तेव्हा तोंड उघडे, डोळ्यांना धार, आणि आवाज म्हणाल तर नुसती फुसफुस.

या नळीत कफ साचायचा. दर दोन-तीन तासांनी तो दुसऱ्या बारीक नळीने ओढून काढावा लागायचा. नाही काढला तर तिथेच वाळायचा, नळी बुजायची, आणि मग पोरीला श्वास घ्यायला दुसरी वाट नव्हती.

हे सगळे टिटवीच्या आईला शिकवले वॉर्डातल्या थोरल्या सिस्टरने. बाई बोलायला कडक, पण एकच गोष्ट वीस वेळा सांगायला लागली तरी कंटाळायची नाही. तिच्याकडे एक कापडी बाहुली होती. बाहुलीच्या गळ्यात तशीच नळी शिवलेली होती, आणि इतक्या आयाबापांनी तिला हाताळले होते की बिचारीचे नाक पार झिजून गेले होते.

"नळी आत घालायची ती या निळ्या खुणेपर्यंतच," सिस्टर म्हणायची. "आत जाताना ओढायचं नाही. बाहेर काढताना या भोकावर अंगठा. आणि नळी आत गेली की तू तुझा श्वास धर. तुला कासावीस झालं की समज, तिलाही झालं. घड्याळ कशाला बघायला पाहिजे?"

टिटवीची आई शिकली. गळ्याची फीत बदलायला शिकली, फितीखाली एकच बोट गेले पाहिजे हे शिकली, नळी बुजली तर ती उपसून नवी कशी घालायची तेही शिकली. शेवटी सिस्टरने जादाच्या नळीची पिशवी तिच्या हातात दिली आणि विचारले, "दुसरं माणूस कोण?"

"दुसरं म्हणजे?"

"दुसरं म्हणजे दुसरं. एकट्या बाईच्या भरवशावर मी पोरगी घरी सोडत नसते. उद्या तूच तापाने पडलीस तर?"

मग मळणीवाल्याला बोलावले. यंत्रातला माणूस तो. बाहुलीवर त्याने तीनदा अगदी नेटके करून दाखवले. सिस्टरही म्हणाली, हात चांगला आहे. मग त्याला टिटवीजवळ बसवले. नळी आत गेली, पोरगी धनुष्यासारखी ताणली गेली, तिचे डोळे बापाच्या डोळ्यांना भिडले, आणि मळणीवाला नळी तशीच सोडून बाहेर गेला तो जिन्यात जाऊन बसला. उरलेले काम बायकोने केले. सिस्टर नेमकी तेव्हा दुसऱ्या खाटेकडे गेली होती.

दोन दिवसांनी सिस्टरने विचारले, "यांनी केलं का पोरीला?"

तोवर वॉर्डात दहा आठवडे झाले होते. दहा आठवडे टिटवीची आई खाटेखाली सतरंजी टाकून झोपत होती आणि शंभर माणसांच्या मोरीत अंघोळ करत होती.

"केलं की," ती म्हणाली. "दोनदा केलं. हात हलका आहे त्यांचा."

सिस्टरने मळणीवाल्याकडे पाहिले.

"येतं मला," तो म्हणाला. त्याने कागदावर सही केली. खोटे बोलताना टिटवीच्या आईला काहीच वाटले नाही. तिला घराचे दार दिसत होते.

घरी आल्यावर कळले की आपण आपल्या हाताने आपल्याला डांबून घेतले आहे. इतर मुले रडली की आई धावते. ही रडली तरी ऐकू येत नव्हती, म्हणून तिच्याकडे सारखे बघत बसायचे. टिटवीची आई नळावर जायची ती पोरीला कडेवर घेऊन, आणि संडासात बसायची ती दार अर्धे उघडे टाकून. पायाने दाबायचे कफ ओढण्याचे यंत्र तिच्या अंथरुणाला चिकटून असायचे. आजी, म्हणजे मळणीवाल्याची आई, पोरीला भरवायची, गोष्टी सांगायची, पाठीवरून हात फिरवायची, पण गळ्याकडे बघायची नाही. नळी काढली की ती भिंतीकडे तोंड करून बसायची. "मला ते बघवत नाही गं," म्हणायची. जसे काही बाकीच्यांना ते बघायची हौस होती.

पण घंटी सुचली ती आजीलाच. करडाच्या गळ्यातली एक छोटी घंटी पेटीत पडून होती. ती तिने जाड दोऱ्यात ओवून टिटवीच्या मनगटाला बांधली. "आता बोल," म्हणाली.

टिटवीने हात हलवला आणि स्वतःच दचकली. मग तिने जी घंटी धरली ती काय विचारता! पाणी हवे, वाजव. शू आली, वाजव. मांजर दिसले, वाजव. काहीच नको, तरी वाजव. दोन दिवसांत घरच्यांचे कान किटले आणि एकानेही तिला गप्प बस म्हटले नाही. टिटवीच्या आईला तर ती घंटी वाजली की बरे वाटायचे. तिला आता मोरीत निवांत बसता येत होते. कफाची खरखर झाली तरी पोरगी घंटी वाजवून बोलवायची, मग आई जाऊन नळी घालायची.

म्हणूनच मळणी लागल्यावर नवरा म्हणाला, "यंत्रावर येऊ नकोस, पण अंगणातलं तरी बघशील? मजुरीचं धान्य आणून टाकतो. चाळायचं, वाळवायचं, पोती भरायची. घंटी ऐकू येतेच की तुला."

तिने ऐकले. पोरीला धूळ लागू नये म्हणून दाराला ओली चादर लावली, आजीला आत बसवले आणि स्वतः अंगणात चाळणी घेऊन बसली. डोक्याला फडके, नाकाला फडके, आणि कान आत. धान्याच्या राशीवर बसून तिला पोरगी आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच आपण कोणीतरी कामाचे माणूस आहोत असे वाटले. संध्याकाळी खांदे दुखले तेही तिला आवडले.

आत जाणे मात्र दिवसेंदिवस जड होऊ लागले. टिटवी आता नळी घालू द्यायची नाही. हनुवटी छातीवर दाबून धरायची, चावायची, लाथा मारायची. सिस्टरने दाखवले होते तसे तिला चादरीत घट्ट गुंडाळून, गुडघ्यांत दाबून धरून कफ ओढावा लागायचा. पोरीचे ओठ हलायचे, नको, नको, नको. आई श्वास धरायची, नळी काढायची, पुन्हा घालायची. झाले की टिटवी चादरीतून सुटून थेट आजीच्या पाठीमागे जायची. केस विंचरायलाही आईकडे यायची नाही. संध्याकाळी ट्रॅक्टरचा आवाज आला की दारात उभी राहायची, आणि मळणीवाला धुळीने माखलेला असला तरी त्याच्या खांद्यावर चढायला बघायची. तो हातपाय धुऊन, कपडे बदलून तिला घ्यायचा. तिच्या तोंडात घास भरवायचा. टिटवीची आई चुलीपाशी बसून हे बघायची. तिला फार वाईट वाटायचे, आणि नवऱ्याचा रागही यायचा.

सहाव्या दिवशी दुपारी रोजाचा माणूस न सांगता घरी गेला म्हणून मळणीवाला खळ्यावरच जेवला. अंगणात दोन पोती चाळायची उरली होती. आजी आत पोरीला घेऊन आडवी झाली होती. टिटवीची आई चाळत राहिली. घंटी वाजली नाही. तिने चाळणी थांबवून कानोसा घेतला. आजीचे घोरणे ऐकू आले. पोरगीही झोपली असेल, म्हणून तिने आणखी एक पोते संपवले.

मग तिला वाटले, डोके धुवावे. महिना झाला होता डोक्यावरून पाणी घेऊन. धूळ, घाम आणि भुसा मिळून केसांची दोरी झाली होती. तिने नळाखाली डोके धरले, साबण लावला, पुन्हा धुतले. पाणी मानेवरून पाठीत गेले आणि तिला इतके बरे वाटले की डोळे मिटून ती तशीच वाकून राहिली. आतून काही आवाज नव्हता. आज पोरगी शहाण्यासारखी झोपली, असे तिच्या मनात आले.

केस पिळत ती आत गेली तेव्हा आजी एकटीच अंथरुणावर होती.

टिटवी कोपऱ्यात होती, भरलेली पोती आणि भिंत यांच्या मधल्या फटीत. गुडघे पोटाशी, पाठ भिंतीला. ओठ निळे पडले होते. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जात होती, गळ्याशी खळगा पडत होता, आणि नळीतून वारा जेमतेम येत-जात होता. डोळे उघडे होते. तिने आईला बघितले आणि आणखी मागे सरकली.

आईने तिला ओढून बाहेर काढले. यंत्रावर पाय ठेवला, नळी घातली. दोन पेरे गेली आणि अडली. मीठपाण्याचे थेंब टाकले, पुन्हा घातली. पुन्हा तिथेच अडली.

"आई, उठा. डोकं धरा हिचं."

आजी दचकून उठली. "मला नाही जमायचं गं—"

"डोळे मिटा. पण धरा."

आजीने डोळे गच्च मिटले आणि पोरीचे डोके दोन्ही हातांत धरले. टिटवीच्या आईने खांद्याखाली चादरीची वळकटी सारली, फीत कापली आणि नळी उपसली. नळीचे टोक डिंकासारख्या वाळलेल्या कफाने बंद झाले होते. चादर लावली तरी धूळ आत आली होती. तिने पिशवीतली नवी नळी घेतली. पहिल्यांदा नळी गेली नाही. केसांतले पाणी पोरीच्या उघड्या छातीवर टपटप पडत होते. तिने नळी ओली केली, आडवी धरली, हळूहळू वळवत आत सारली. पोरगी खोकली. नळीतून कफाचा गोळा उडून आईच्या गालाला चिकटला, आणि पाठोपाठ वाऱ्याचा आवाज आला, आत, बाहेर, आत, बाहेर.

ओठांवरचा निळा रंग उतरेपर्यंत तिने हात काढला नाही. मग नवी फीत बांधली, खाली बोट घालून बघितले.

"झालं का?" आजीने डोळे मिटूनच विचारले.

"झालं. उघडा आता."

आजी रडायला लागली. टिटवीच्या आईने गाल पुसला. तेव्हा तिचे पोरीच्या हाताकडे लक्ष गेले. मनगटाची घंटी टिटवीने तळहातात घेऊन मूठ आवळली होती, आणि ती अजून सोडली नव्हती. आईने एकेक बोट उघडले. घंटीची कडा कातडीत रुतली होती. आतला लोलक पोरीने अंगठ्याने दाबून धरला होता, हलू नये म्हणून.

"वाजवली का नाहीस?" आईने विचारले. "घाबरलीस? विसरलीस?"

टिटवीने मान हलवली. ओठ हलले. आईला आता ओठ वाचता यायचे, पण तिला वाटले आपलेच काहीतरी चुकते आहे.

"परत सांग."

टिटवीने परत सांगितले. "तू येतेस."

आजीला काही कळले नाही. "काय म्हणते?" तिने दोनदा विचारले. टिटवीच्या आईने कात्री घेतली, दोरा कापला आणि घंटी पेटीत टाकली. मग ओले केस तसेच बांधून ती पोरीसमोर बसली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही. अंगणातले धान्य कोंबड्यांनी विस्कटले.

मळणीवाला आला तो भुवयांवर भुसा घेऊन. त्याने सगळे उभ्यानेच ऐकले, मग पायरीवर बसला.

"मी सिस्टरला फोन करून खरं सांगते," ती म्हणाली. "तुम्ही एकदाही केलेलं नाही, म्हणून."

"मग दोघांना बोलावून घेतील. मी शिकेपर्यंत वॉर्डात. आणि इकडे यंत्र?"

"यंत्र राहील उभं."

"हंगाम राहत नाही उभा." त्याने भुवयांवरचा भुसा झटकला. मग म्हणाला, "उद्या सकाळी मी करतो. तू बाजूला बस, चुकलं तर सांग."

ती रात्र तिला हलकी गेली. उद्यापासून आपण दोघे, एवढेच तिच्या डोक्यात होते. एक तास जरी त्याने उचलला तरी तिला पुरला असता.

सकाळी त्याने कोपरापर्यंत हात धुतले. यंत्र तपासले, पाय दाबून ओढ बघितली, पाकिटातून नळी काढून खूण बघितली. बाहुलीला केले तेव्हाही तो असाच नेटका होता. टिटवी अंथरुणावर बसली होती. बाप समोर आला तशी ती हसली आणि तिने उचलून घे म्हणून दोन्ही हात वर केले.

मळणीवाला तसाच उभा राहिला. मग त्याने नळी परत पाकिटात ठेवली.

"काय झालं?" बायकोने विचारले.

"नाही होणार माझ्याकडून."

"होईल. हात तर चांगला आहे तुमचा."

"हाताचं नाही गं." तो दारापाशी गेला आणि हळू आवाजात बोलला, पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून. "मग ती माझ्याकडेही तसंच बघेल. तुझ्याकडे बघते तसं. घरात एक तरी माणूस नको का, ज्याच्याकडे ती आपणहून येईल असं?"

"हवं की."

"मग?"

"ते माणूस मला व्हायचंय," ती म्हणाली. "महिनाभर तरी. नळी तुम्ही घ्या. मी नुसती उचलून घेते तिला."

त्याच्या तोंडावरून दिसत होते की हे त्याला कधी सुचलेच नव्हते. बाहेर रस्त्यावरून कोणीतरी हाक मारली, मळणीवाले, ऊन चढलं, माणसं खोळंबलीत. त्याने हात पुसले.

"दुपारी बघू," तो म्हणाला.

तो दुपारी येणार नव्हता हे दोघांनाही ठाऊक होते. ट्रॅक्टर सुरू झाला, यंत्राची चाके कुरकुरत अंगणाबाहेर गेली, आणि धूळ दारापर्यंत आली. टिटवीची आई चादर ओली करायला मोरीत गेली. परत आली तेव्हा अंथरूण रिकामे होते.

"टिटवे," तिने हाक मारली. उत्तर यायचे नव्हते, तरी तिने पुन्हा मारली. आजी अंगणात कोंबड्या हाकलत होती, तिच्यापाशी पोरगी नव्हती. पोत्यांच्या मागे बघितले, नव्हती. खाली वाकून बघितले, पेटीमागे बघितले, चुलीकडच्या खोलीत बघितले. आपल्याच घरात ती पोरीला शोधत फिरत होती. मग दाराच्या फळीमागे तिला दोन पावले दिसली, आणि कफाची ओली खरखर ऐकू आली. खरखर चांगलीच वाढली होती. आत्ताच काढायला हवा होता.

पकडायला गेले तर पोरगी पळेल, आणि पळण्यात श्वास कोंडेल. टिटवीच्या आईने अंथरुणाजवळची नळी उचलली आणि हात पाठीमागे घेतला. मग आजारपणाआधी ती पोरीशी लपाछपी खेळायची तेव्हा जो आवाज काढायची तो तिने काढला.

"कुठं गेली बाई माझी टिटवी? चुलीत गेली का? चुलीत नाही. मडक्यात बसली का? मडक्यातही नाही. जाऊ दे, हरले मी. सापडतच नाही मला."

फळीमागून फुसफुस ऐकू आली. पोरगी हसत होती. आई थोडा वेळ तशीच उभी राहिली. तिला वाटले, अजून थोडे थांबावे, अजून दोन श्वास.

फळी हलली. टिटवी दोन्ही हात पसरून, हसत हसत, आपणहून आईकडे धावत आली, आणि आईने पाठीमागचा हात पुढे केला.